शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ

प्रत्येक शाळेच्या कचेरीत जाड बांधणीचे एक जनरल रजिस्टर असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस त्यात एका ओळीत नोंदलेला असतो. दाखला हवा असला म्हणजेच आपणांस त्याची आठवण होते. परंतु अशी एक ओळ इतिहासाचे किती अस्सल साधन असते आणि तिच्यात काय सामावू शकत नाही, हे येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

सातारच्या त्या वेळच्या गव्हर्नमेंट हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात क्रमांक १९१४ समोर नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. हेच पुढे राज्यघटनेचे शिल्पकार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. ही नोंद जपली गेली म्हणूनच तो दिवस आज निश्चित सांगता येतो. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो.

मात्र हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळा बसे, हे रजिस्टर सांगत नाही. तहान लागली तरी त्याला नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. न्हावी त्याच्या केसांस हात लावीत नसे, म्हणून त्याचे केस घरी बहीणच कापी. हे सारे आपणांस कळते ते बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवले म्हणून.

असाच प्रकार दूर अमेरिकेतही घडला. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ ते १९१८ या काळात तेथील आदिवासी मुलांसाठी एक सरकारी निवासी शाळा होती. अलास्कातील ट्लिंगिट जमातीची काही मुलेही तेथे होती. शाळेत येताच मुलांचे केस कापीत, अनेकांना इंग्रजी नावे देत आणि मातृभाषा बोलू देत नसत. त्या मुलांची कार्डे व कागद सरकारी दप्तरखान्यात राहिले आहेत. त्यांत आल्यागेल्याच्या तारखा सापडतात, पण मुलांच्या मनातील हुरहूर सापडत नाही. तरीही आज वंशजांना आपल्या पूर्वजांचा माग लागतो तो याच कागदांवरून.

सातारच्या रजिस्टरातील त्या विद्यार्थ्याचा आपल्या भागाशीही निकटचा संबंध आहे. एप्रिल १९२५ मध्ये निपाणी येथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती आणि तिचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांनी भूषविले होते. ज्याला शाळेत पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली, तोच आता हजारोंच्या हक्कांसाठी बोलत होता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या आजी-आजोबांचीही नावे बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील कोणत्या ना कोणत्या शाळेच्या रजिस्टरात असतील. ती ओळ शाळेने जपावी. पण शाळेत ते कोठे बसत, किती चालून येत, शिक्षण मध्येच का सुटले, हे त्यांना विचारून लिहून ठेवण्याचे काम आपले आहे. माणूस गेल्यावर ते सांगणारे कोणी उरत नाही.