फॉन्टच्या कपाळावरचे ६४४

लोहित देवनागरी हा फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला आणि रेड हॅटने २००४ साली सगळ्यांसाठी खुला केला. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या असंख्य लोकांनी पुढे तो वापरला, बहुतेकांनी नाव न विचारताच. त्याची वळणं देखणी आहेतच. पण मला वेड लावते ती फेडोरा या लिनक्स-वितरणाचं फॉन्ट-पॅकेज बांधण्याच्या कृतीतली एक साधी ओळ : फाइल जागेवर ठेव आणि तिला परवानगी दे, ६४४.

एवढ्या तीन आकड्यांत जगातल्या प्रत्येकाचा हक्क ठरतो! पहिला आकडा फाइलच्या मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. वाण्याकडे १, २ आणि ४ किलोची एकेकच वजनं असली तरी १ ते ७ किलोपर्यंत काहीही तोलता येतं, आणि प्रत्येक माप एकाच रीतीने जमतं. म्हणून ६ म्हणजे ४ आणि २, दुसरं काही असूच शकत नाही. मालकाने वाचावं, बदलावं. बाकीच्यांनी नुसतं वाचावं. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये १९७१ साली मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते, गट मागाहून आला.

पण हे कृतीत लिहायचं कशाला? फाइलला काहीतरी परवानगी असतेच ना? असते, आणि गोम तिथेच आहे. प्रत्येक यंत्रावर ‘युमास्क’ नावाची एक चाळणी बसलेली असते आणि नव्या फाइलचे काही हक्क ती गुपचूप गाळते. चाळणी ०७७ असेल तर साध्या कॉपीत ६४४ची फाइल ६०० होते. म्हणजे तोच फॉन्ट, तीच आज्ञा, पण मालकाखेरीज कुणालाच वाचता येणार नाही! फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटवर विसंबावं, तर ते फाइल चालवण्याजोगी आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं. ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा चाळणीला जुमानत नाही खरी, पण आकडा सांगितला नाही तर ती सरळ ७५५ लावते. मग बिचारा फॉन्ट ‘मला चालवा’ असा शिक्का मिरवत बसतो. काय चालवणार, कप्पाळ!

खरी गंमत फोल्डरची. त्याला ६४४ नव्हे, ७५५ लागतं. फोल्डर का ‘चालवायचं’ असतं? इथे त्या १चा अर्थच बदलतो : आत शिरण्याची मुभा. ती काढून नुसतं वाचन ठेवलं, तर आतल्या फाइलींची नावं दिसतात, पण एकही उघडत नाही. उलट केलं तर यादी मिळत नाही, मात्र नाव ठाऊक असलेली फाइल खुशाल उघडते.

आता समजा फॉन्टच्या फोल्डरला चुकून ६४४ लागलं. पॅकेज बसवणाऱ्याने रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन तपासलं, तर सगळं ठाकठीक. फोल्डरात शिरताना रूटला हे आकडे अडवतच नाहीत. फॉन्ट दिसत नाही म्हणून ओरड करायची ती साध्या वापरकर्त्यांनी.