चौखूर उधळणारी चूक

इंग्लंडमधील घोड्यांच्या शर्यतींची आणि शिकारीची जुनी रेखाचित्रे आजही संग्राहकांना भुरळ घालतात. टॉमस रोलंडसन (निधन १८२७) यांच्यासारखे चित्रकार टाक-शाईने रेषा ओढून त्यांवर जलरंगांचा हलका हात फिरवीत. त्या काळच्या अशा अनेक चित्रांत भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगताना दिसतो. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात टिपलेल्या छायाचित्रमालिकेने हा समज खोटा ठरविला. दौडताना चारही खूर जमीन सोडतात, ते पाय पोटाखाली एकवटल्यावर! मग ही चित्रे टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. नुसत्या डोळ्यांना न गवसणारी पायांची स्थिती त्यांत चुकली असेल. पाहणाऱ्याला जाणवलेला वेग मात्र त्या रेषांत अचूक उतरला आहे.