स्वयंपाकघर नव्याने बांधताय? धान्याची जागा आधी ठरवा

धाराशिव जिल्ह्यात घराची दुरुस्ती बहुतेक उन्हाळ्यातच निघते. शेतातली कामे कमी असतात आणि पाऊस यायच्या आत काम उरकायचे असते. नेमक्या याच दिवसांत ज्वारीची रास होऊन वर्षाचे धान्य घरात येते. स्वयंपाकघर उकरलेले असते, म्हणून ज्वारी, गहू आणि तुरीची पोती झोपायच्या खोलीत रचली जातात. किडे लागू नयेत म्हणून पोत्यांत टिकड्या टाकल्या जातात आणि रात्री सगळे त्याच खोलीत झोपतात. धोका इथेच आहे.

या टिकडीत काय असते?

धान्यात ठेवायच्या या टिकड्यांमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. किडे मरतात ते या वायूने. पण किड्यांसाठी एक आणि माणसांसाठी दुसरा असा वायू नसतो. तो दाराखालच्या फटीतून आणि भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीतही जातो. काहींना लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, काहींना काहीच येत नाही. त्यामुळे "वास नाही, म्हणजे धोका नाही" असे समजू नका. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क हा वायू अडवत नाही.

ही टिकडी घरगुती वापरासाठी नाही. नियमानुसार ती फक्त सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रण करणारे यांनीच वापरायची असते. कुणी सुटी टिकडी देऊ केली तरी घेऊ नका.

लक्षणे कशी ओळखाल?

मळमळ, उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर, छातीत आवळल्यासारखे वाटणे, धाप लागणे, जीव घाबरा होणे. सुरुवातीला हे सगळे अन्नातून विषबाधा झाल्यासारखेच दिसते. म्हणून एकाच घरातल्या दोघातिघांना एकदम उलट्या होत असतील, तर मी कालच्या जेवणासोबत आणखी एक प्रश्न विचारतो: घरात धान्याला औषध लावले आहे का? डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. लहान मुलांना त्रास लवकर आणि जास्त होतो.

अशा वेळी काय कराल?

- सगळ्यांना ताबडतोब घराबाहेर मोकळ्या हवेत आणा. बरे वाटणाऱ्यांनाही बाहेर काढा.
- दारे-खिडक्या बाहेरून उघडता आल्या तर उघडा. टिकडी काढायला परत आत जाऊ नका.
- टिकडीवर पाणी ओतू नका. पाण्याने वायू आणखी जोरात सुटतो.
- १०८ वर फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. या विषावर नेमका उतारा नाही. रक्तदाब, श्वास आणि हृदय सांभाळणे हाच उपचार आहे, म्हणून घरी वाट पाहू नका.

जुन्या घरात धान्य कुठे असायचे?

माळवदाच्या घरात धान्यासाठी बळद असायचे, बाहेर पेव असायचे. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची, हे जुन्या माणसांना पक्के माहीत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरे जाऊन सिमेंटची घरे आली. आता इतरत्रही तशीच घरे होत आहेत. घर मजबूत झाले, पण नकाशात धान्याची जागा राहून गेली. धान्य तर आजही वर्षाचेच भरतो.

गवंड्याला आधीच काय सांगाल?

- धान्याला वेगळी खोली किंवा कोपरा ठेवा. त्याला बाहेर उघडणारी खिडकी हवी. त्याचे दार झोपायच्या खोलीत उघडू नये.
- कोठी किंवा पोती जमिनीवर टेकवू नका. वीतभर उंच लाकडी फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. ओल लागत नाही, उंदीरही दिसतात.
- गॅसची टाकी उभी आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीला असावी. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतो. म्हणून जमिनीलगत हवेसाठी झरोका ठेवा. धुरासाठी वर एक्झॉस्ट पंखा वेगळा लागतो. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.
- ओटा रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या थोडा खाली यावा. पोटमाळ्यावर जड डबे ठेवू नका.
- शेतीची औषधे स्वयंपाकघरातच नव्हे, घरातच नकोत. बाहेर कुलपात ठेवा.

मग किडे लागू नयेत म्हणून काय करायचे?

धान्य कडक उन्हात चांगले वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. निवल्यावरच भरा. गरम धान्य भरले तर आत घाम धरते. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा पोत्याच्या आत घालायची हवाबंद पिशवी वापरा. हवा मिळाली नाही की किडेही वाढत नाहीत. डाळींना खायचे एरंडेल चोळता येते. बोरिक पावडर मात्र टाळा, तीही विषारीच आहे. बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा ज्वारी निवडून खाऊ नका, टाकून द्या. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजून पूर्ण जात नाही.

काम चालू असेपर्यंतचे दोन महिने पोती व्हरांड्यात ताडपत्रीखाली किंवा शेजाऱ्यांच्या रिकाम्या खोलीत ठेवा. चार किडे झालेली ज्वारी चाळून, ऊन देऊन खाता येते. झोपायच्या खोलीत टिकडी मात्र एक रात्रसुद्धा नको.