रांगेतला माणूस : झाडीपट्टीच्या दंडारीविषयी

मंडळी, नाटकाविषयी बोलायचं म्हटलं की आपण नायकाविषयी बोलतो, फार तर गायकाविषयी. आज आम्ही बोलणार आहोत ते मागे उभ्या असलेल्या माणसाविषयी. त्याचं नाव हँडबिलावर नसतं आणि त्याच्या वाट्याला एकही स्वतंत्र वाक्य नसतं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हा माणूस दंडारीच्या रांगेत सापडतो.

बाहेरून आलेल्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून झाडीपट्टी होते. हा धानाचा मुलूख. गोंदिया जिल्हा तसा नवाच, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. दंडार त्याच्या कितीतरी आधीची. हलका धान कापून होतो, दिवाळी येते, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. दंडारीत गाणं, नाच आणि सोंग तिन्ही एकत्र असतात आणि करणारी माणसं गावचीच: कोणी शेतमजूर, कोणी न्हावी, कोणी मास्तर.

आम्ही नुकतेच कॉलेजात शिकवायला लागलो होतो तेव्हा दोन हंगाम या रांगेत उभे होतो. आमच्या दंडारीत समोरासमोर दोन रांगा असायच्या. मुख्य गाणारा ओळ टाकायचा, पहिली रांग ती उचलायची, दुसरी झेलायची. तोवर गाणाऱ्याला दम घ्यायला सवड मिळे. ऐकायला हे सोपं वाटतं. पहिल्याच तालमीत आम्ही मोठ्यानं, सुरात आणि स्पष्ट उच्चारात गायलो. संस्कृत शिकलेला गळा, जरा मिरवणारच! ढोलकीवाल्या म्हाताऱ्यानं हात थांबवला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा आवाज वेगळा आयकू येते. म्हंजे चुकलं."

तत्त्वज्ञानाची इतकी वर्षं शिकवणी केली, पण या वाक्याइतकं नेमकं फार थोडं वाचलं. पुढे हळूहळू कळलं की रांगेत गाणं म्हणजे अर्धं ऐकणं असतं. शेजारचा श्वास घेतो तेव्हा आपण घ्यायचा नाही, म्हणजे ओळ तुटत नाही. पाय शेजारच्याच्या पायाकडे न बघता पडला पाहिजे, बघून टाकला की हमखास उशीर होतो. आणि आपला आवाज आपल्याला वेगळा ऐकू आला, तर एकतर आपण वरचढ झालो किंवा बाकीचे थकले. दोन्ही वेळी आपणच जुळवून घ्यायचं.

यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. 'आम्ही गातो' हे म्हणजे वीस वेळा 'मी गातो' आहे का? जॉन सर्ल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९९० च्या एका निबंधात यावर छान उदाहरण दिलं आहे. ते आपण आपल्या आठवडी बाजारात आणू. अचानक पाऊस येतो आणि सगळे टिनाच्या शेडकडे पळतात. आता समजा, नाटकातला प्रसंग म्हणून तीच माणसं तशीच शेडकडे पळाली. वरून पाहणाऱ्याला दोन्ही दृश्यं सारखीच दिसतील. पण पहिल्यात प्रत्येक जण आपापलं डोकं वाचवतो आहे. दुसऱ्यात प्रत्येकाच्या मनात 'आपण पळतो आहोत' असं आहे, आणि माझं पळणं त्या 'आपण'चा वाटा म्हणून आहे. सर्लचं म्हणणं, हे 'आपण' अनेक 'मीं'ची बेरीज करून मिळत नाही. आम्हाला ते पटतं, कारण ढोलकीवाल्यानं आम्हाला आधीच पटवलं होतं.

ग्रीकांनाही हे ठाऊक होतं. अथेन्सच्या नाट्योत्सवात कोरसमध्ये नगरातले नागरिक उभे राहत. ॲरिस्टॉटल सांगतो की कोरसला नटांपैकीच एक समजावं, त्यानं कथानकात भाग घ्यावा. प्लेटो 'लॉज' या ग्रंथात आणखी पुढे जातो. त्याच्या लेखी अशिक्षित म्हणजे समूहनृत्यगायनाची तालीम न मिळालेला माणूस. या मापानं आमचा ढोलकीवाला सुशिक्षित ठरतो आणि आम्ही तेव्हा नव्हतो.

पण या 'आपण'चं फार कौतुक करायला नको. आमच्या रांगेत एकही बाई नव्हती. लुगडं नेसून उभे राहायचे ते पुरुषच. बायका समोर बसून पाहायच्या, आणि गाणी त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ असायची. गाव म्हणजे कोण, हे त्या रांगेनं आधीच ठरवून टाकलं होतं.

आता रात्रीच्या नाटकाकडे येऊ. तेही एके काळी गावचीच मंडळी बसवायची, स्त्री-भूमिकेसाठी फार तर बाहेरून नटी आणायची. आज गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा म्हणजे देसाईगंजला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. गावकरी तिथं जाऊन नाटक ठरवतात, तिकीट लावतात, मंडप घालतात. यात वाईट काही नाही. या रंगभूमीवर कितीतरी घरं चालतात, बायका मानानं काम करतात, आणि २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. मात्र गावकऱ्याची जागा बदलली. पूर्वी तो रंगमंचावर मागे उभा असायचा, आता छातीला बिल्ला लावून गेटवर उभा असतो. नाचायला मंडळाचे डान्सर असतात. बिल्ल्यासाठी श्वास सांभाळावा लागत नाही.

परवा एका गावच्या मंडईत गेलो होतो. दंडार आहे म्हणाले. पोरं पुण्याला, नागपूरला कामाला गेलेली, उरलेल्यांत वयानं साठीच्या आत दोघेच. दहा जण जमले तर पाच-पाचच्या दोन रांगा होतात. त्या दिवशी सहाच जमले होते, त्यामुळे रांग एकच केली. ओळ झेलायला समोर कोणी नव्हतं. मग ढोलकीवालाच वाजवता वाजवता ती परत म्हणत होता, आणि कडेला बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायका, कोणी न सांगता, त्याच्या मागून म्हणत होत्या.