नावांचा प्रवास

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील गावांत सर्जेराव, हैबतराव, गुलाबराव, दौलतराव अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ती कोणासही परकी वाटत नाहीत. परंतु त्यांचा उगम शोधू लागले, म्हणजे वाट थेट इराण व अरबस्तान येथवर जाते. ‘हैबत’ म्हणजे दरारा व ‘दौलत’ म्हणजे वैभव; हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. ‘गुलाब’ हा फारसी; ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘सर्जा’ हा शब्द फारसी ‘शर्झा’वरून आला, खवळलेल्या सिंहाला हे विशेषण लावीत.

ही नावे येथे रुजली कशी? पहिले कारण प्रतिष्ठा. हा प्रदेश दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. दरबारात फारसीला मान असे व पराक्रमी सरदारांना त्या भाषेतील पदव्या मिळत. आजोबांची पदवी पुढे नातवाचे नाव होई. दुसरे कारण श्रद्धा. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने पुत्र झाले, म्हणून मालोजीराजांनी त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. तिसरे कारण भाषेची पचनशक्ती. परक्या शब्दाला ‘राव’ किंवा ‘जी’ जोडताच तो मराठी घरात सहज वावरू लागला.

असे इतरत्रही घडले आहे. इंडोनेशियात इस्लाम धर्माचे लोक बहुसंख्य आहेत. तरी तेथील पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे नाव सुकर्णो. ते महाभारतातील कर्णावरून ठेवलेले होते.

नाव कोठून आले यावरून माणसाची पारख करू नये, हे साताऱ्याच्याच एका सत्पुरुषावरून दिसते. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात शिस्तबद्ध रूप दिले, ते सातारा जिल्ह्यातील आरफळ गावच्या हैबतरावबाबांनी. आळंदीच्या मंदिरातील त्यांच्या पायरीपुढे वारकरी आजही नतमस्तक होतात. ‘हैबत’ हा शब्द अरबी आहे, हे त्या वेळी कोणाच्या मनातही येत नाही.

शेतकऱ्याने तर आपल्या आवडत्या बैलजोडीलाही ‘सर्जा-राजा’ असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द फारसी व दुसरा संस्कृत; पण दोघेही एकाच जुवाखाली खांद्याला खांदा लावून नांगर ओढतात.