पेशीची नक्कलवही : लेखांक ५
पिळाचा हिशेब

हेलिकेज हे विकर डीएनएचे दोन धागे सुटे करतं आणि पॉलिमरेज त्यांच्यासमोर नवे जोडीदार बसवतं, इथवर मागच्या लेखात आलो. एक अडचण तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवली होती.

दोन पदरी सुंभाचा पीळ मधूनच उकलायला घ्या. जेवढं मोकळं कराल तेवढा पुढचा भाग आवळत जातो, शेवटी त्यात नखही शिरत नाही. डीएनएमध्ये साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा असतो. ई. कोलाय या जिवाणूत नक्कल होते सेकंदाला हजारेक जोड्यांच्या वेगाने. म्हणजे मिनिटाला सहा हजारांच्या आसपास वेढे उलगडायचे! त्यात त्याचा ४६ लाख जोड्यांचा डीएनए कड्यासारखा बंद; पीळ निसटून जायला टोकच नाही.

हे ओझं उतरवणारं गायरेज १९७६ साली अमेरिकेत मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी शोधलं. त्याची रीत अघोरी आहे. ते डीएनएचे दोन्ही धागे चक्क कापतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे नेतं आणि काप पुन्हा सांधतं. तुटलेली टोकं तोवर त्याने स्वतःशी रासायनिक बंधाने धरून ठेवलेली असतात. पोट बिघडलं की घरोघरी आठवणारी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी (डॉक्टरांना न विचारता घेतलेली, बहुधा) गायरेजला नेमकं याच अवस्थेत अडकवते. काप होतो, सांधा होत नाही, जिवाणू मरतो.

आपल्या पेशींत गायरेज नाही. पीळ काढायला त्यांची वेगळी विकरं आहेत. मलेरियाच्या परजीवीत मात्र ते आहे, आणि तो तर जिवाणू नव्हे! त्याच्या दूरच्या पूर्वजाने कधीकाळी एक शैवाल गिळलं. त्याचा अवशेष, एपिकोप्लास्ट, अजून परजीवीच्या पोटात आहे, स्वतःच्या ३५ हजार जोड्यांच्या गोल डीएनएसह. तो बंद पडला तर परजीवी जगत नाही.

या गायरेजची जनुकं परजीवीच्या केंद्रकात असतात आणि तयार झालेलं विकर एपिकोप्लास्टमध्ये पोचतं. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुमन कुमार धर यांच्या गटाने ही जनुकं वेगळी काढून त्यांवरचं काम २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००९ मधला त्यांचा शोध. गायरेजच्या बी घटकात ४५ अमिनो आम्लांचा एक आगळा पट्टा आहे आणि तो काढून टाकला की विकराचं कामच थांबतं. सिप्रोफ्लॉक्सासिनचा मलेरियावर भरवसा धरता आलेला नाही. पण फक्त या पट्ट्यावर बसणारा रेणू हाती लागला, तर परजीवीचं गायरेज अडेल आणि आपल्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना धक्का लागायचं कारण उरणार नाही.