घराला तडा गेला, तर भरून कोण देणार?



वरवट बकालच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "घरकुलाचे साहेब फोटो काढून गेले, हप्ताही आला. आता भिंतीला तडा गेलाय. पैसे साहेबांकडून मागायचे का?" गटाचं कर्ज काढून घर बांधणाऱ्या प्रत्येकीचा हा प्रश्न आहे.

तो फोटो काम कोणत्या टप्प्यावर आलं ते दाखवतो. हप्ता आला म्हणजे काम पक्कं झालं, असं समजू नका. घरकुल आपण स्वतः बांधून घेतो, म्हणून मिस्त्रीचं काम तपासणंही आपल्याकडेच येतं.

मग अधिकारी मोकळेच का? तसं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये महाडची तारिक गार्डन इमारत कोसळून 16 जण गेले. तेव्हा बिल्डरसोबत नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. पण गुन्हा नोंदला म्हणून आपलं नुकसान भरून येत नाही. भरपाई मागायची ती आधी बांधणाऱ्याकडे.

शेगाव-खामगावला बिल्डरकडून फ्लॅट घेणार असाल, तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी बघा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

मिस्त्री किंवा ठेकेदाराने काम बिघडवलं, तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. पण तिथे तोंडी बोलणं पुरत नाही, कागद लागतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच एवढं करा:

1. मजुरी, पायाची खोली, सिमेंट-लोखंड किती, हे चिठ्ठीवर लिहा. मिस्त्रीची व दोन साक्षीदारांची सही घ्या.
2. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बहुतेक तडे तिथूनच येतात. पाया बुजवण्याआधी अभियंत्यांना दाखवा, स्वतःही फोटो काढा.
3. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, पावती ठेवा. थोडी मजुरी पहिला पावसाळा होईपर्यंत राखायची, हेही चिठ्ठीतच लिहा.
4. तडा दिसला की तारखेसह फोटो काढा आणि लेखी कळवा. लिंपून टाकायची घाई नको.

लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिव ताईंना सोबत घ्या. मिस्त्री गावातलाच, ओळखीचा असतो, म्हणून कागद मागायला लाज वाटते. पण कर्जाचा हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे, ताई.

– तुमची क्षेत्र समन्वयक